छाया काय म्हणाली होती

दसरा उलटला की सेलूला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होऊ लागतात. कापसानं खच्चून भरलेले ट्रॅक्टर फांद्यांना घासत जातात आणि काट्यांना पुंजके अडकून राहतात. बाहेरगावचा एखादा माणूस एसटीच्या खिडकीतून विचारतो, हे कसलं फूल हो? शेजारचा सांगतो, कापूस हाय तो. मग दोघंही हसतात. मी दरवर्षी या हंगामात या रस्त्यानं जातो, आणि मानवत रोड मागं पडला की डोळे मिटून बसतो.

यंदाही निघालोय. आमच्या संस्थेत नव्यानं लागलेल्या कार्यकर्त्यांचं शिबिर सेलूत आहे आणि शिकवायला मी आहे. विषय ठरलेला : नोकरी शोधणाऱ्या अपंग माणसांचं रोजगाराचं नियोजन कसं करायचं. सरकारी कागदावर आता दिव्यांग म्हणतात, गावात अजून अपंगच चालतं. मी फळ्यावर एक वर्तुळ काढतो आणि त्याच्या मधोमध ‘ती व्यक्ती’ असं लिहितो. आधी तिला विचारा, म्हणतो. तिच्या आईला, भावाला, सरपंचाला नंतर. ती बोलेपर्यंत थांबा. तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घेऊ नका. मी हे चांगलं शिकवतो असं लोक म्हणतात. शिकवताना माझा आवाजही चांगला लागतो.

छायाची गोष्ट मात्र मी तिथं कधी सांगितलेली नाही.

तो हंगाम आमच्या या कामाचा पहिलाच होता. जिंतूर, मानवत आणि सेलू अशा तिन्ही तालुक्यांतल्या माणसांना आम्ही सेलूला बोलावत होतो. एका शाळेचा जुना हॉल दिवाळीपर्यंत मिळाला होता. हॉलच्या मागच्या भिंतीला लागूनच कापसातून सरकी वेगळी करणारं जिनिंग होतं. सकाळी एकदा यंत्रं सुरू झाली की फरशी थरथरायची. खिडक्या लावून घेतल्या तरी तंतू आत यायचेच. टेबलावर, पाण्याच्या माठावर, माझ्या भुवयांवर. सरकीचा तो कोमट तेलकट वास कपड्यांत इतका मुरायचा की परभणीला घरी आल्यावर बायको दारातच शर्ट काढायला लावायची.

त्याआधी पुण्याहून एक बाई येऊन आम्हाला पाच दिवस शिकवून गेल्या होत्या. अंगानं लहानखुऱ्या, बोलणं अगदी सावकाश. त्या म्हणाल्या होत्या, आजवर आपण जागा आधी बघत आलो आणि माणूस तिच्यात बसवत आलो. आता माणूस आधी बघायचा. त्याला काय येतं, काय आवडतं, कुणाच्या सोबतीत तो फुलतो, कशानं कोमेजतो, हे सगळं एका मोठ्या कागदावर त्याच्यासमोर मांडायचं, आणि मग त्याच्या मापाचं काम शोधायचं. नसेल तर घडवायचं. वीस-बावीस वर्षं मी अर्ज भरून देण्याचं काम केलेलं. कुणाला तीनचाकी, कुणाला कुबड्या, कुणाला पासचा अर्ज. या कामात इतकं काही असू शकतं हे मला पन्नाशीला टेकताना कळत होतं.

हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असायची. तिच्यात सर्टिफिकेटं आणि त्यांच्या झेरॉक्स. मी नाव विचारायच्या आत पिशवी पुढं यायची. मी म्हणायचो, कागद राहू द्या, आधी सांगा, तुम्हाला काय करायला आवडतं? चाळिशीचा एक गृहस्थ आला होता, थ्रेशरमध्ये हात गेलेला. तो म्हणाला, “आवड कुठं इचारता सर, जागा कुठं निघाल्या ते सांगा.” मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी परत पुढं केली.

छाया आली ती दुपारच्या जरा आधी. चारठाण्याहून दोन गाड्या बदलून आली होती, सोबत तिची आई. आईचं नाव सुभद्राबाई. वेचणीचा दिवस बुडवून आली होती ती, हे तिच्या बोटांवरून दिसत होतं. बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी उसवलेली. छाया पंचवीस-सव्वीसची असेल. जन्मतःच मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं तिच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं. चालताना एक पाय आतल्या बाजूला ओढायची. हात आपल्याच मर्जीनं हलायचे. बोलायला लागली की आधी मान वळायची, मग ओठ, मग सगळं अंग त्या एका शब्दाच्या मागं लागायचं. डोळे मात्र अगदी शांत होते. समोरच्याचं पुरतं ऐकून घेणारे.

सुभद्राबाई बसायच्या आधीच बोलायला लागली.

“सर, ही बी.ए. झाल्याली हाय. चौथीपोत्तर मी कडंवर नेली शाळंत. पुढं पोरी नेऊ लागल्या हाताला धरून. लय हुशार हाय. बोलनं तेवढं तुमाला कळायचं न्हाई, मी सांगते ना सगळं.”

मी तिला थांबवलं. अगदी नम्रपणे थांबवलं. म्हणालो, “मावशी, आज छायाच बोलेल. तुम्ही जरा बाहेर बसा, चहा घ्या.”

ती चमकली. लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मी भाईर गेल्यावर तुमाला कळंल का ती काय म्हनती?”

“कळेल,” मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघालेला हा शब्द मला अजून ऐकू येतो. त्यात जी खात्री होती, तीही.

सुभद्राबाई पदर सावरत बाहेर गेली. मी भिंतीवर कागद चिकटवला, मधोमध वर्तुळ काढलं आणि हिरव्या पेनानं ‘छाया’ लिहिलं. ती हसली. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात तिनं पहिल्यांदाच बघितलं असणार. मी छोटे प्रश्न विचारत गेलो, तिनं मान हलवून उत्तरं दिली. सकाळी उठायला आवडतं, हो. गर्दी आवडत नाही. मोकळ्यावर बसायला आवडतं. वाचायला आवडतं, थोडं. मी लिहीत गेलो. कागद भरत गेला आणि मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं.

मग मी मोठा प्रश्न विचारला. “छाया, तुझ्या मनासारखं काम मिळणार असेल, तर तुला काय करायचंय?”

ती थांबली. मीही थांबलो. शिकवल्याप्रमाणे मनातल्या मनात दहापर्यंत मोजायला लागलो. दहा व्हायच्या आत तिची मान वळली, ओठ जुळले, सुटले, आणि एक शब्द आला. श नीट आला. मधला ळ अडखळत आला. शेवट कुठंतरी ओढला गेला आणि तुटला.

“शाळा?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. तिची मान एरवीही हलायचीच. तिनं परत तोच शब्द म्हटला. या वेळी कपाळावर घाम आला. मी परत म्हणालो, “शाळेत काम करायचंय?” तिनं तिसऱ्यांदा म्हटला, जास्त जोर लावून, आणि जोर लावला तसा तो जास्तच विस्कटला. तिचा उजवा हात टेबलावरून घसरून खाली गेला. तिनं तो डाव्या हातानं उचलून परत मांडीवर ठेवला.

तेव्हा मी मान डोलावली. “हां, हां. शाळा. कळलं मला. छान.” आणि कागदावर लिहिलं : शाळेत मदतनीस.

छाया त्या अक्षरांकडं बघत होती. तिला वाचता येत होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, समाधान झालं.

पुढं सगळं भराभर जमून आलं. असं कधी जमत नाही, म्हणून ते जास्तच खरं वाटलं. जिंतूरच्या एका खासगी शाळेला एक मदतनीस हवी होती. संस्थाचालक भला माणूस. दिवाळीच्या सुट्टीनंतर या म्हणाला. वाचनालयाची कपाटं, पुस्तकांवर शिक्के, नोंदवही. मी सुभद्राबाईला फोन केला तेव्हा ती रानातच होती, मागं बायकांचा आवाज येत होता. मग तिनं शेजारच्या बायकांना सांगितलेलं मला फोनमधून ऐकू आलं, “माझी छाया शाळंत लागली.” आईनं कडेवर बसवून शाळेत नेलेली मुलगी आता शाळेतच नोकरीला. छायाच्या कागदाचा फोटो परभणीच्या बैठकीत भिंतीवर मोठा करून दाखवला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत हसत होतो.

डिसेंबरात एकदा शाळेत जाऊन आलो. ऑफिसच्या शेजारच्या खोलीत एक खुर्ची, तिच्यावर छाया. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडं असायची, म्हणून कपाट बंद. शिक्के मारायची पुस्तकं पहिल्या आठवड्यातच संपलेली. निळ्या साडीला जागोजाग पिना लावल्या होत्या, आईनं लावल्या असणार, हात हलले तरी पदर सुटू नये म्हणून. खिडकीतून मैदान दिसत होतं आणि ती मैदानाकडं बघत होती. मी विचारलं, “बरं चाललंय ना?” तिनं मान हलवली. मी वहीत लिहिलं : समाधानकारक.

संक्रांतीनंतर मुख्याध्यापकांचा फोन आला. छाया पंधरा दिवस येत नाही म्हणाले. मी कारण विचारलं. ते आढेवेढे घ्यायला लागले, मग सांगितलं. शाळेचं गॅदरिंग झालं. सातवीच्या मुलांनी एक विनोदी नाटुकलं बसवलं होतं. त्यात एक पात्र पाय ओढत यायचं, मान वळवायचं आणि काहीतरी बरळायचं. दुसरा विचारायचा, काय म्हणता मॅडम? ते पात्र परत बरळायचं. दुसरा परत विचारायचा. असं तीन-चारदा. पालक हसले, शिक्षकही हसले. छाया पहिल्या रांगेत बसली होती, पाहुण्यांच्या शेजारी. नवीन कर्मचारी म्हणून तिला मुद्दाम पुढं बसवलं होतं.

“मुलं आहेत सर,” मुख्याध्यापक म्हणाले. “आम्ही रागावलो त्यांना नंतर. पण मुलं आहेत.”

मी चारठाण्याला गेलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. रानात पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडं रिकामी, काळी पडलेली. काही ठिकाणी पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. जुन्या देवळाच्या मागच्या गल्लीत सुभद्राबाईचं दोन खोल्यांचं घर. छाया उंबऱ्यात बसली होती. मला बघून उठली नाही. सुभद्राबाईनं पाटी-बिटी बाजूला सारून मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. शाळेबद्दल ती काही बोलली नाही. तक्रारही केली नाही. मीच इकडचं तिकडचं बोलत राहिलो. अंगणाच्या कोपऱ्यात दोन खुंट्या होत्या, त्यांच्या भोवतीची जमीन झिजून गुळगुळीत झालेली. मी विचारलं, “जनावरं होती का?”

“तिच्या शेळ्या होत्या दोन,” सुभद्राबाई म्हणाली. “इकल्या की दिवाळीत. ही शाळंत जायला लागल्यावर कोन बगनार? मी रानात.”

मग ती सांगत गेली. चार वर्षांमागं शेजाऱ्यांच्या शेळीनं तीन पिल्लं दिली आणि शेळीच मेली. दोन पिल्लं गेली, तिसरं जगत नाही म्हणून त्यांनी छायाच्या मांडीवर आणून टाकलं. छायानं त्याला बाटलीनं दूध पाजलं. हात थरथरायचे, निम्मं दूध सांडायचं, पण दिवसातून सहा-सात वेळा पाजायची. ते जगलं. त्याला पुढं एक पाट, म्हणजे मादी करडू, झाली. त्या मायलेकींना घेऊन छाया रोज देवळापाशी जायची. त्या दगडांवर चढून बसायच्या, ही खाली वाचत बसायची. बी.ए.चा निम्मा अभ्यास तिथंच झाला.

“हिची हाक मला बी कळायची न्हाई सर कदी कदी,” सुभद्राबाई म्हणाली. “पन त्यांला कळायची. येशीपल्याड असल्या तरी पळत यायच्या. लोकं बगत राहायचे. मी म्हनायची, बी.ए. झालीस आन शेळ्यांमागं काय फिरतीस. मला लाज वाटायची.”

मी खुर्चीत बसल्या बसल्या छायाकडं वळलो. मनात तो शब्द परत लावून बघत होतो. श, ळ, आणि शेवटी ओढला गेलेला तुकडा.

“छाया, त्या दिवशी सेलूला तू मला काय म्हणाली होतीस? शाळा म्हणाली होतीस का शेळ्या?”

तिनं उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो भलतीकडंच गेला. तो तिनं डाव्या हातानं धरला आणि दोन्ही हातांनी मिळून कोपऱ्यातल्या खुंट्या दाखवल्या.

सुभद्राबाईच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. “शेळ्या म्हनली व्हय तुमाला?” ती म्हणाली. “मी आत असते तर सांगितलं असतं की हो.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. “न्हाई. मी बी न्हाई सांगितलं असतं. मी शाळाच सांगितली असती.”

“मग तू नंतर का नाही बोललीस?” मी छायाला विचारलं. हे मी तिला विचारलं, याची मला आज लाज वाटते.

उत्तर आईनंच दिलं. “तुमी लिवलं होतं ना सर. तिला वाटलं असंल, आता लिवलंय.”

परत येताना गाडीत मी स्वतःला सांगत होतो की जिनिंगचा आवाज होता. त्या हॉलमध्ये धडधाकट माणसाचं बोलणं कळत नव्हतं, हिचं कसं कळावं? पुढं कित्येक दिवस मी हेच धरून बसलो. एकदा संस्थेत बोलूनही दाखवलं. मग एके दिवशी आठवलं की सुभद्राबाई बाहेर गेली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. यंत्रं बंद होती. हॉल इतका शांत होता की माठावरच्या ओल्या फडक्यातून थेंब पडताना ऐकू येत होता. तिचा शब्द अडवणारं तिथं काहीच नव्हतं, माझ्याशिवाय.

तीनदा विचारल्यावर चौथ्यांदा विचारायला मला अवघड वाटलं. तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. आपण नेहमी असंच सांगतो. बोलणं कळलं नाही की हसून मान डोलावतो आणि त्याला माणुसकी म्हणतो. खरं म्हणजे वाईट मला वाटलं असतं. पाच दिवस शिकून आलेल्या माणसाला कळलं नाही, हे मला तिच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. बाहेर बसलेल्या तिच्या आईला परत आत बोलवायचं नव्हतं. आणि शाळा हा शब्द मला आवडला होता. बी.ए. झालेली मुलगी, अपंग, गरीब घरातली, तिला शाळेत काम करायचंय. कागदावर किती चांगलं दिसतं ते. शेळ्या हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला असता, तरी मी तो लिहिला असता का? तेव्हा मी परत विचारलं असतं, “शेळ्या? नक्की?” आणि ती गप्प होईपर्यंत विचारत राहिलो असतो.

मागच्या शिबिरात एका कार्यकर्तीनं मला विचारलं होतं, “सर, एखाद्याचं बोलणं कितीदा विचारूनही कळलंच नाही, तर काय करायचं?” सगळ्यांनी पेनं उचलली. मी म्हणालो, परत विचारायचं. लाज न वाटू देता परत विचारायचं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि मी पुढच्या मुद्द्याकडं वळलो.

शेळ्या परत घेऊन देणं काय अवघड आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. जिंतूरच्या बाजारात विकलेल्या त्या दोघींचा माग काढायला मी गेलो. घेणारा माणूस नांदेडकडचा होता, एवढंच कळलं. मग सरकारी योजनेतून नव्या शेळ्यांसाठी अर्ज केला. तो परत आला. उमेदवाराचा आराखडा मंजूर असून तिचं नोकरीत पुनर्वसन झालेलं आहे, असा शेरा होता. ते पुनर्वसन माझ्याच सहीचं. नोकरी सुटली असेल तर नवा आराखडा करावा, त्यावर उमेदवाराचं स्वतःचं म्हणणं नोंदवावं, असं सांगण्यात आलं. त्याची परवानगी यायला पावसाळा गेला. दसऱ्यानंतर मी परत चारठाण्याला गेलो. रस्ताभर बाभळींना कापूस होता.

या वेळी सुभद्राबाईला मी आत बसवून घेतलं. छायाच्या शेजारीच. भिंतीला कागद चिकटवला नाही, वर्तुळ काढलं नाही. नुसता फॉर्म आणि पेन. छाया वाळली होती. केस आईनं घट्ट विंचरून बांधलेले.

“बोलती का आता?” मी हळूच विचारलं.

“न्हाई,” सुभद्राबाई म्हणाली. “शाळा सोडल्यापसून न्हाई. काय पायजे ते हातानं सांगती. मी म्हनते, बाई, मला कळतंय तुजं बोलनं, माझ्यासंगं तर बोल. न्हाई बोलत.”

मी छायाच्या समोर खाली बसलो. तिची माफी मागितली. काय म्हणून मागितली, ते सगळं सांगितलं. ती ऐकत होती. डोळे तसेच शांत होते, पण आता ते माझं बोलणं संपायची वाट बघत होते इतकंच. मग मी विचारलं, “छाया, आता सांग. तुझ्या मनासारखं काय लिहू? शेळ्या लिहू?”

मी थांबलो. दहा मोजले नाहीत. काहीच मोजलं नाही. रानातून येणारा एक ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी येऊन निघून गेला. चुलीवर ठेवलेलं पाणी उकळून सुभद्राबाईनं उतरवलं आणि परत येऊन बसली. मला वाटलं, आज इथं दिवस मावळला तरी चालेल.

मग तिची मान वळली. ओठ जुळले. सगळं अंग शब्दामागं लागलं, पूर्वीसारखंच. आणि दोन शब्द आले, एकामागून एक, अगदी सुटे.

“तुमीच लिवा.”

सुभद्राबाईनं तोंडाला पदर लावला. लेक दहा महिन्यांनी बोलली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मला कळलं का ते बघायला. मला कळलं होतं.

मी बराच वेळ पेन धरून बसलो. फॉर्मवर चार चौकटी होत्या : नोकरी, व्यवसाय, प्रशिक्षण, अनिच्छुक. व्यवसायापुढं शेळीपालन लिहिलं असतं तर कदाचित ते मंजूरही झालं असतं. दोन अनोळखी शेळ्या त्या अंगणात आल्या असत्या आणि त्यांचाही फोटो बैठकीत दाखवला गेला असता. पण तो शब्द तिनं या वेळी दिला नव्हता, आणि तिच्या तोंडचा म्हणून दुसऱ्यांदा काही लिहायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. फॉर्म कोरा ठेवायची सोय नव्हती. महिनाअखेर प्रकरण बंद करायचं होतं. मी शेवटच्या चौकटीत खूण केली.

लिहिलेलं उमेदवाराला वाचून दाखवायचं, असा नियम आहे. मी वाचलं : उमेदवार नोकरी अथवा व्यवसाय करण्यास अनिच्छुक आहे. सुभद्राबाईला तो शब्द कळला नाही. तिनं विचारलं, “म्हंजे काय सर?”

छायानं हात पुढं केला. मी फॉर्म तिच्याकडं दिला. तिनं तो मांडीवर ठेवून वरपासून खालपर्यंत स्वतः वाचला. मग पेन मागितलं, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, आणि सहीच्या जागेवर एकेक अक्षर जुळवत, रेघेच्या बाहेर जाऊ न देता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.